बेबाबाईंची कॉफी

या, असे जवळ सरका. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी पुढे बसा, ज्यांना डुलकी लागते त्यांनी भिंतीशी. महाराजांचं जेवण व्हायचंय, पखवाजाला कणीक लावायचीय. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. साता समुद्रापलीकडची आहे, पण माणसं आपल्या सावद्याचीच.

झुलाल आबांना तुम्ही ओळखता. केळीची बाग आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असते तिच्या टोकाला जी सगळ्यांत उंच पांढरी टोपी दिसते, ती आबांची. रावेर असो, फैजपूर असो, यावल असो. सप्ताह बसला की आबा निघाले. आमंत्रण लागत नाही. टाळकऱ्याला कुठं आमंत्रण लागतं? दारात चपला काढायच्या, महाराजांना लांबून हात जोडायचे आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. शेजारचा न बघता अर्धं पाऊल सरकतो आणि जागा होते. एवढा सोपा, एवढा गोड रिवाज दुनियेत दुसरा नसेल.

या गोड रिवाजापायी एका माणसाचे मात्र जन्मभर हाल झाले. ते माणूस म्हणजे आबांच्या मंडळी, बेबाबाई. अंगाला हळद लागली त्या संध्याकाळी नवरदेव सापडेना, कारण शेजारच्या गावात काल्याचं कीर्तन होतं. लेक नीलेश झाला तो भुसावळच्या दवाखान्यात. बाई तिथे कळा सोसतायत आणि बाप रेल्वे कॉलनीतल्या भजनात. बाई भांडल्या नाहीत. देवाच्या कामाला गेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्या थांबायच्या. ताट झाकून थांबायच्या, दिवा लावून थांबायच्या, आणि आबा पहाटे गळा बसवून आले की गरम पाणी पुढे करायच्या.

तर झालं असं की नीलेशनं आईबापाला जहाजाच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. जळगावच्या एका सहलवाल्यांबरोबर इटलीच्या बाजूचा समुद्र बघायचा, रोज एका बंदराला जहाज लागायचं, उतरून गाव बघायचं, संध्याकाळी परत जहाजावर. मीही होतो त्या सहलीत, आणि शिंदखेड्याचे चिंधा नानाही. माहितीपत्रक आलं तेव्हा बेबाबाईंनी त्यातल्या एका फोटोवर बोट ठेवलं. दगडी चौक, गोल टेबल, दोन खुर्च्या, दोन इवलेसे कप, आणि एक नवराबायको समोरासमोर बसलेली.

"मले हे पाहिजे," बाई म्हणाल्या.

"काय, कॉफी?" आबा म्हणाले. "ती तर इथं बसस्टँडवर बी भेटते."

"कॉफी नाही. हे. तुमी आन मी, एका टेबलाशी. आन तुमी मधातून उठून जाणार नाही."

आबा हसले, मग बाईंचं तोंड बघून हसायचे थांबले. गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, "नाही उठणार." 

बाईंनी शपथेवर विश्वास ठेवला, पण आबांची बॅगही तपासली. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला टाळांचा जोड निघाला. तो त्यांनी आपल्या साड्यांच्या तळाशी दडपला.

जहाजाचं वर्णन करत बसलो तर महाराज हात धुऊन येतील. एवढंच सांगतो की नाश्त्याला केळी होती, एकेका केळ्यावर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली. आबांनी एक उचललं, दाबलं, वास घेतला आणि घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा केला. "कोवळं उतरवलं," म्हणाले. "कोण्या बापानं पोटचं पोरगं एवढं कोवळं घराबाहेर काढलं असेल?" मग चार दिवस ते सफरचंद खात होते.

पाचव्या दिवशी जहाज लिव्होर्नोला लागलं. तिथून बसनं आत, समुद्रापासून लांब, लुक्का नावाचं जुनं शहर. आमची सहल सांभाळणारी कामिनी नावाची जळगावची पोरगी होती, हातात कायम केशरी छत्री. वेशीपाशी बस थांबली तसं तिनं बजावलं, "आबा, नाना, काकू, नीट ऐका. चारला बस सुटणार. बस चुकली की जहाज चुकलं, आणि जहाज कुणाच्या काकासाठी थांबत नाही."

"काकीसाठी?" चिंधा नानांनी विचारलं.

"काकीसाठी तर मुळीच नाही."

काय सांगू गाव! गावाभोवती दगडी तट, आणि तटावर रस्ता, रस्त्यावर मोठमोठी झाडं. म्हणजे माणसं गावाच्या डोक्यावर सावलीत फिरतात. खाली गल्ल्या अशा स्वच्छ की थुंकायची इच्छा झाली तरी माणूस गिळून टाकेल. दुकानाच्या काचेत एकच बूट, देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तसा. आपल्याकडे लग्नाला घालत नाहीत असे कोट घालून म्हातारे पाव आणायला निघालेले. गळ्यात मोत्याची माळ घातलेली एक आजी सायकलवरून गेली. पुढच्या टोपलीत कुत्रा, आणि कुत्र्याचंही अंग नीट विंचरलेलं.

"बठ्ठा गाव लगीनले निंघेल दिखस," चिंधा नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "नवरदेव कोन शे, तेच समजत नही."

पण आमच्या बेबाबाईही काही कमी नव्हत्या. जांभळी पैठणी, नाकात नथ, पायांत नीलेशनं आणलेले पांढरे पळायचे बूट. वेशीला लागूनच एक चौक होता. चौकाच्या एका बाजूला देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, आणि समोर गोल टेबलं. बाईंनी फोटोतल्यासारखं एक टेबल निवडलं, पदर सारखा केला आणि बसल्या. आबा समोर बसले, ताठ, फोटो स्टुडिओत बसतात तसे. वेटर आला. बाईंनी दोन बोटं वर केली. मी आणि चिंधा नाना पलीकडे चर्चच्या पायऱ्यांवर टेकलो.

आणि तेवढ्यात आतून गाणं सुरू झालं.

त्या दिवशी तिथे कुठल्याशा संताचा उत्सव होता. चौकात दोन भोंगे बांधले होते, आपल्या सप्ताहाला बांधतात तसेच. आत एक म्हातारा आवाज एक ओळ म्हणायचा आणि त्याच्या मागून दहाबारा आवाज ती उचलायचे. भाषा कळली तर शपथ. पण एकानं सांगावं आणि मागच्यांनी झेलावं, ही चाल कानाला नवी थोडीच!

आबांची बोटं टेबलावर वाजायला लागली.

"हात खाली घ्या," बाई म्हणाल्या.

आबांनी हात मांडीवर घेतले. टेबलाखाली बुटाची टाच पडायला लागली.

"पाय."

पाय थांबला. मग मान डोलायला लागली.

"आता मानेले काय बांधू?" बाई म्हणाल्या.

"अवो, नुसतं दारातून पाहून येतो. कॉफी येईस्तोवर."

"माळेले हात लावला होता ना?"

"उठून जाणार नाही म्हटलं होतं. हे जाणं थोडंच आहे? हे तर पाहणं आहे."

"जा," बाई म्हणाल्या.

आता बायकोचा 'जा' किती प्रकारचा असतो ते इथल्या पुरुषांना मी सांगायला नको. पण आबा भोळे. त्यांनी तो सगळ्यांत सोपा घेतला आणि गेले.

आम्ही मागोमाग दारात. आत मोठा गाभारा, मेणबत्त्या, अत्तरासारखा धूर. समोर सोनेरी झगा घातलेले म्हातारे पाद्रीबाबा गात होते आणि त्यांच्या मागे रांगेत पांढरे झगे घातलेले गाणारे. आबांनी दारात बूट काढले, जोडीनं लावले. टोपी सारखी केली. लांबूनच बाबांना हात जोडले. आणि मी 'आबा' म्हणेपर्यंत हा माणूस बाजूच्या वाटेनं पुढे जाऊन रांगेच्या टोकाला उभा!

पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. त्या पांढऱ्या रांगेत आबा असे मिसळले की लोकांना वाटलं, हेही उत्सवासाठी कुठून तरी बोलावलेले असतील. शेजारच्या जाड्या गाणाऱ्यानं एकदा बघितलं, आणि देवाशप्पथ सांगतो, अर्धं पाऊल सरकून जागा दिली. 

पहिल्या ओळीला आबा गप्प राहिले. दुसरीला ओठ हलले. तिसरीला त्यांनी शब्द सोडून नुसता 'आ' लावला, खालून वर, काल्याच्या कीर्तनात लावतात तो. आता हाकलतात म्हणून मी क्षणभर डोळे मिटून घेतले. बाबांनी गाता गाता मागं वळून बघितलं. भुवई वर गेली. पुढची ओळ त्यांनी मुद्दाम लांबवली, आणि आबांनी ती तिथून उचलली. अहो, काय रंग भरला! चिंधा नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असेल, मी बघितलं नाही.

संपल्यावर आबा रिवाजाप्रमाणे बाबांच्या पाया पडायला वाकले. बाबा दचकून दोन पावलं मागे सरले, म्हणून आबा दोन पावलं पुढे सरले. शेवटी बाबांनीच त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि डोक्यावर हात ठेवला.

मधल्या वेळात बाहेर काय घडलं होतं, ते बेबाबाईंनी नंतर सांगितलं. कॉफी आली. निवली. वेटरनं नेली. बाई उठून दारापर्यंत आल्या; आम्ही दोघे गाण्यात असे गुंगलो होतो की आम्हाला पत्ताच नाही. त्या एवढ्या मोठ्या चर्चच्या दारात बुटांचा एकच जोड होता. आत डोकावल्या तर रांगेच्या टोकाला ती उंच टोपी. जन्मभर पाहिलेलंच चित्र, फक्त मंडप बदललेला. बाईंनी हाक मारली नाही. बूट उचलले, पिशवीत घातले आणि चालायला लागल्या.

आबा बाहेर आले ते आनंदानं फुलून. "ऐकलं का?" म्हणत टेबलाकडे गेले. टेबल रिकामं, खुर्ची रिकामी. परत दारात आले, तर बूट नाहीत.

"चोरी झाली," चिंधा नाना म्हणाले.

"चोरी नाही," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "बूट तिनं नेले."

मग सुरू झाली शोधाशोध. आबा अनवाणी, उन्हानं तापलेला फरसबंद चौक, दर चार पावलांनी "आय आय" आणि मधेमधे हाक, "अवो! ओ नीलेशची माय!" ही हाक सावद्यात तीन गल्ल्या पलीकडे पोचते. तिथे खिडक्या उघडल्या. मोत्याच्या माळेवाली आजी सायकल थांबवून उभी राहिली. एका बाईनं आबांना पाणी दिलं, एकीनं सपाता आणून दिल्या. त्या लहान मुलीच्या निघाल्या. पाद्रीबाबा झगा सावरत बाहेर आले. तेवढ्यात केशरी छत्री धावत आली.

"आबा, काकू कुठे? चार वाजत आलेत! त्यांच्याकडे फोन?"

"जहाजावर चार्जिंगला."

"देवा! त्यांना भाषा येत नाही, पासपोर्ट माझ्याजवळ, आणि जहाज—"

"माहीत आहे माय, जहाज थांबत नाही," आबा म्हणाले आणि चर्चच्या पायरीवर मटकन बसले. माझ्याकडे बघून हळूच बोलले, "मी आलो आन ती थांबलेली नाही, असं कधी झालंच नाही रे." 

तेव्हा पहिल्यांदा मला चौक थंड वाटला.

कामिनीनं इंग्रजीत बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी आतून माइक आणून तिच्या हातात दिला. भोंग्यातून विमानतळावरच्यासारखा आवाज गावभर गेला, "बेबाबाई झुलाल पाटील, कृपया बसजवळ यावे. बेबाबाई झुलाल पाटील." 

कुणी आलं नाही.

बाई त्या वेळी तटावर होत्या. झाडाखालच्या बाकावर एका म्हातारीशेजारी बसून, तिनं दिलेलं आइस्क्रीम खात. भोंगा त्यांना चांगला ऐकू आला. "पण ती बसवाल्यांची हाक होती," त्या आम्हाला म्हणाल्या. "बसवाल्यांच्या हाकेले मी काहून उतरू?"

पाद्रीबाबांनी थोडी वाट बघितली, मग मान हलवली. कामिनीच्या हातातला माइक काढला आणि आबांपुढे धरला. 

आबा घामाघूम. "मी? मी काय सांगू?"

"नाव घ्या, आबा," कामिनी म्हणाली. "काकूंचं नाव घेऊन बोलवा."

आता ही शहरातली पोरगी, तिला काय ठाऊक. आबांनी बायकोचं नाव जन्मात एकदा घेतलं होतं, लग्नात, उंबऱ्यावर अडवलं तेव्हा, आणि तेही उखाण्यातून. त्यानंतर 'अवो' होतं, 'ऐकलं का' होतं, 'नीलेशची माय' होतं. उघडं नाव तोंडात घ्यायचं, तेही देवाच्या दारात, भोंग्यावर? हजार माणसांपुढे 'आ' लावणारा माणूस माइककडे सापाकडे बघावं तसा बघत राहिला. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी आबांनी डोळे मिटले आणि जी एक रीत माहीत होती ती धरली:

"तापीच्या काठाले केळीची बाग,
बेबाबाई, परत ये, सोड आता राग!"

भोंगे दणाणले. चौकात टाळ्या पडल्या, कारण लोकांना वाटलं उत्सवातलंच काहीतरी आहे. 

तटावर बाईंच्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर आलं. "आधी खरंच नाही वाटलं," त्या म्हणाल्या. शेजारच्या म्हातारीनं त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, तू? बाईंनी मान डोलावली. म्हातारीनं खाली चौकाकडे बोट दाखवलं, जा. बाईंनी मान हलवली, नाही. अजून एकदा ऐकायचं होतं.

आबांनी उखाणा पुन्हा म्हटला. आता खाली जमलेल्यांना नाव तेवढं उमगलं होतं. पोरं ओरडायला लागली, "बेबाबाई!" वेटर ओरडले. सायकलवाल्या आजीचा कुत्राही भुंकायला लागला. चिंधा नाना म्हणाले, "आते नवरदेव कोन शे ते समजनं!"

तिसऱ्यांदा आबांना उखाणा आठवला नाही. आवाज फाटला. नुसतंच म्हणाले, "बेबाबाई. मी इथं उभा आहे."

तेव्हा बाई उठल्या.

गल्लीतून आल्या त्या संथ चालीनं, घाई नाही की काही नाही. लोकांनी वाट करून दिली. आबांपुढे येऊन पिशवीतून बूट काढले आणि खाली ठेवले.

"घाला. पाय भाजले असतील."

"चाल, चाल लवकर, बस सुटू राहिली—"

बाई टेबलाशी गेल्या. बसल्या. वेटरला दोन बोटं दाखवली.

"काकू!" कामिनी रडकुंडीला आली. "जहाज!"

"त्याले सांग, येतो म्हणा," बाई म्हणाल्या, आणि समोरच्या खुर्चीकडे बघून, "बसा."

आबा बसले.

कामिनीनं आम्हाला हाकत बसमध्ये चढवलं. वेशीच्या कमानीतून टेबल समोर दिसत होतं. बसमधली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली. ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं, इंजिन सुरू केलं, हॉर्न वाजवला. आबा अर्धे उठले. बाईंचे ओठ हलले. आबा बसले.

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवायला हात नेला, आणि तेवढ्यात कमानीतून सोनेरी झगा आला. पाद्रीबाबा. ते येऊन बसच्या पुढ्यात, अगदी काचेसमोर उभे राहिले. काही बोलले नाहीत. हात पाठीमागे बांधले आणि आभाळाकडे बघू लागले, आज पाऊस येतो का नाही असा विचार असल्यासारखे. ड्रायव्हरनं कपाळाला आणि छातीला हात लावला आणि इंजिन बंद केलं.

कप किती मोठा? भातुकलीतला म्हणा. दोन घोटांत संपावा. आबांनी पहिला घोट घेतला आणि तोंड असं केलं की बसमध्ये सगळे हसले. बोलणं काय झालं ते बाईंनी नंतर सांगितलं.

"कडू जहर आहे."

"असू द्या. गटकन नाही प्यायचं. साखर टाका, ढवळत बसा."

आबा ढवळत बसले. बाई त्यांच्याकडे बघत बसल्या. मग आबांनी विचारलं, "वर काय होतं?"

"झाडं."

"कसली?"

बाईंनी हातानं झाडांचा घेर दाखवला, पानं दाखवली, शेजारची म्हातारी कशी हसायची ते दाखवलं. आबा ऐकत होते. भोंग्यातून पुन्हा गाणं सुरू झालं, आणि मी नीट बघितलं, सगळ्या बसनं बघितलं: बोटं टेबलावर होती, पण हलली नाहीत. त्या भातुकलीच्या कपात बेबाबाईंनी एक अख्खी दुपार बसवली. कप पालथा करून बघितला, आता एक थेंबही नाही, तेव्हाच त्या उठल्या.

जहाज मिळालं. जिना वर घ्यायला माणसं उभीच होती, कामिनीची छत्री वाटेत मोडली, पण मिळालं. 

बस हलली तेव्हा बाबा बाजूला होऊन हात हलवत होते. वय फार होतं त्यांचं. पुन्हा भेट होणं नाही. त्यांचं नाव कामिनीनं दोनदा सांगितलं, पण माझ्या जिभेवर ते बसलं नाही. वर ज्याला कळायचं त्याला नावाशिवाय कळतं. तर मंडळी, आज कीर्तन झाल्यावर हात जोडाल, घरच्यांसाठी, पिकापाण्यासाठी मागाल, तेव्हा बससमोर उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्या बाबांची तेवढी आठवण ठेवा.